पन्नासची

नाशकात, कॉलेज रोडवर, जुनीच घेतली लेन्स.
आधीच्या मालकाचं नाव टोपणावर खरवडलेलं,
उरलंय नुसतं ‘णकर’.

तांबट आळीत लाइट गेलेली.
भट्टीपुढे रंभाजीबाबा एकटेच
हंड्याच्या बुडाला ठोके देत.
फ्लॅश मी आणलाच नव्हता.
वन पॉइंट फोर. तोंड पूर्ण उघडलं.

झूम नाही हिला.
जवळचं हवं तर पाय आपले उचलायचे.
उंबरा, राख, मग एक गुडघा जमिनीला,
धग भुवयांना लागेस्तोवर.

एक डोळा लख्ख आला.
दुसरा, बोटभरच मागे, धुक्यात.
चुकलाच फोकस, मी पुटपुटलो.
बाबा म्हणाले, दाखव.
काजळी बोट पडद्यावर टेकवलं:
“बरोबर आलाय की.
तो मोतीबिंदूचा.”

मग लेन्सच मागितली.
तळव्यावर तोलली, काचेत वाकून पाहिलं.
केवढ्याला?
सांगितलं.
“एवढ्यात पाच हंडे होतात,
आणि तोंडं हिच्याहून मोठी.”

पुन्हा ठोके.
मी श्वास धरून, ठोक्यांच्या मधल्या फटीत,
एकेक दाबत राहिलो.

लाइट आली तेव्हा आळीभर ओरडा झाला.
आम्ही दोघांनी मात्र
डोळे बारीक केले.