न फोडलेलं कडं

कथील संपलं तेव्हा आमच्या डोंगरातल्या माणसांनी
खाणीचं पाणी लाकडाकडे वळवलं, एवढंच.
ज्या चाकावर खनिज कुटलं जायचं
त्याच चाकावर लेथ फिरू लागला.
सीमेपलीकडे बोहेमिया, अलीकडे आम्ही,
मधे सहा महिने बर्फ.

कसं करतात ते सांगते.
ओंडका डबक्यात भिजत पडलेला असतो, स्प्रूसचा.
त्याची पोळपाटाएवढी चकती, गार, राळेच्या वासाची.
ती फिरते, पटाशी टेकते,
आणि लाकूड कात टाकतं
लांबच लांब, ओली, खांद्यावरून मागे पडणारी.
आधी पोटाची बाजू : पायांमधली खोल खाच, गळ्याखालची उतरण.
मग चकती उलटी, आणि पाठ.
उरतं ते कडं.
त्यात गाय कुठेच दिसत नाही.

सुरी लावून हातोडीचा एक ठोका द्यायचा.
फाकेच्या तोंडावर गाय उभी!
पुन्हा ठोका, पुन्हा गाय,
एका कड्यात तीन कोडी गाई,
सगळ्या एका अंगाला जाड, एका अंगाला निमुळत्या.
शिंगं मागाहून चिकटवायची. शेपटीला सुतळीचा धागा.

कातणाऱ्याला मात्र ती दिसत नाही.
तो लेथ थांबवतो, खाचेत बोट घालतो,
विचारतो, आणि पुन्हा पट्टा चढवतो.

माझे वडील लेबरेख्त त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात गेले.
टपाल मार्चपर्यंत आलं.
मागे राहिलं एक कडं, खिडकीवरच्या फळीवर,
न फोडलेलं.
आई म्हणायची, घोडे आहेत. घाईत राहिले.
ट्राउगोटकाका म्हणायचा, उंट असतील, नोहाच्या तारवासाठी.
मी लहान होते, मला कुत्रे हवे होते.

सत्तेचाळीसच्या थंडीत आईने खुर्च्या जाळल्या.
पलंगाच्या फळ्या जाळल्या, मग रंगवून तयार असलेल्या
दोनशे मेंढ्या, मूठ मूठ करून.
मेंढ्या फार लवकर जळतात.
कडं फळीवरच होतं.
पाहुणा हात लावू गेला की ती उठायची.

मी काकाकडे कातायला शिकले. सात वर्षं.
पहिली दोन नुसतं बोट घालायला :
डोळे मिट, तो म्हणायचा, त्यांना इथे काही काम नाही.

आईच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली त्या वर्षी
फळी पुसायचं काम माझ्याकडे आलं.
कडं उचललं, फडकं फिरवलं.
मी काही विचारलं नव्हतं.
बोटांनी आपणहून वाचलं.

गाय.
साधी, आठवड्याला चाळीस कडी जायची तसली गाय.
आणि पोटाखाली पटाशी घसरलेली,
मागच्या पायाची कड सुतासारखी बारीक.
साठांतली एकही उभी राहिली नसती.
आतल्या काठाला पेन्सिलची फुली होती,
वाया गेलेल्या मालावर
ते करायचे तशी.
शेगडीसाठी बाजूला ठेवलं असणार.

मी ते जिथे होतं तिथे ठेवलं, फुली भिंतीकडे.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, पुसलंस?
पुसलं.
तुला तर कळतं आता. काय आहे गं?
नळ वाहत होता. मी तो बंद होईपर्यंत थांबले.
घोडे, म्हणाले.
मी म्हणतच होते, ती म्हणाली,
आणि बटाटे सोलत राहिली.

त्या दिवशी मी अकरा कडी कातली.
सगळ्या गाईंचे मागचे पाय जरा जाड झाले.
सहकारी संस्थेच्या तपासनिसाने
मापपट्टी लावून
सहाशे साठ परत पाठवल्या.