अम्माकडचं इंजिन

बेचाळीस वर्षं मी इंजिनं ऐकतोय.
साखरी नाट्याच्या धक्क्यावर डोळे मिटून सांगेन
कुठल्या होडीचा नोझल टपकतोय,
कुणी डिझेलात रॉकेल मिसळलंय.
काळा धूर म्हणजे जास्त पाजलेलं, कमी जळलेलं.
निळा म्हणजे रिंगा गेल्या.
पांढऱ्याला मी थोडा वेळ देतो.

माझा स्वतःचा धूर मला दिसला नाही.

रत्नागिरीत एकोच्या पडद्यावर हृदय पाहिलं,
मुशीच्या पोटातल्या पिलासारखं वळवळणारं.
डॉक्टर म्हणाले, सोलकर, पंप दमलाय,
लिव्हरवर चरबी आहे, साखर काठावर.
मी विचारलं, ओव्हरहॉल?
ते हसले नाहीत. कागदावर लिहिलं: बेकरी बंद.

हलिमाची झुलेखा तिथंच कॉलेजात शिकते.
परतीच्या एसटीत, आडिवऱ्याच्या वळणावर,
तिने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवला
एक लांबट दाणा, आत घड्याच घड्या.
मायटोकाँड्रिया, मामू.
हृदयाच्या एकेका पेशीत हजारो,
कारण हृदयाला नांगर टाकून झोपता येत नाही.
खाल्लेलं तिथं जळतं, श्वासातल्या हवेवर.
वय झालं की ठिणग्या उडतात, गळती होते,
आपल्याच भिंती काळवंडतात.
मेंदू, मूत्रपिंड, ज्याला काम जास्त
तेच आधी कुरकुरतं.

एवढंच ना, म्हटलं. हे तर मला ठाऊक होतं.
फक्त ते माझ्या आत आहे हे नव्हतं.

एका दुरुस्तीमागे एक थंडाची बाटली,
चार वाजता चहात बुडवलेल्या सहा खाऱ्या,
संध्याकाळी भजी, कारण तेल तापलेलंच असतं.
टाकी काठोकाठ, होडी धक्क्याला बांधलेली,
आणि मी ओततोच आहे.

पोट रिकामं राहिलं, झुलेखा म्हणाली,
की पेशी भंगार काढते,
मोडकी इंजिनं वितळवून नवी घडवते.
उंदरांत नीट दिसलंय, माणसांत अजून बघतायत.
मी म्हटलं, मी तर तीसच्या तीस रोजे धरतो.
आणि मगरिबनंतर, मामू?
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग ती सहज म्हणाली,
ही इंजिनं फक्त आईकडून येतात.

अब्बांचे पाने आहेत माझ्याकडे,
दहा नंबरपासून बत्तीसपर्यंत, एक हरवलाय.
त्यांचं नाक, त्यांचा राग.
बाकीचंही त्यांचंच असेल असं मी धरून चाललो होतो.

अम्मा तरीतून खाडी ओलांडायची,
डोक्यावर बांगड्याची पाटी,
पाटीवरून मानेत उतरणारं पाणी.
चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत.
नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी,
निखाऱ्यावर परतलेली सुकट, पाण्यात पिळलेलं सोल.
लोक म्हणतात, जुनी माणसं मोजून खायची.
मोजून नाही.
आम्ही सात जण उठल्यावर टोपात उरायचं ते.
माशाचं डोकं तुला आवडतं,
असं आम्हीच तिला सांगायचो.
त्याला पथ्य म्हणू नकोस, झुलेखा.
वहीत लिहायचं तर वेगळा शब्द शोध.

माझ्या तिन्ही पोरांत रुकैयाची इंजिनं आहेत.
माझी माझ्यापाशी थांबतील.
हलिमाची मात्र पुढे गेली.

आता सकाळी आंबील. दुपारी एक बांगडा, भाजलेला.
भूक लागते तेव्हा मी तिच्याकडे बघत बसतो,
अनोळखी माणूस दारात आल्यासारखा.
मगरिबआधी यशवंतगडाचा चढ,
दुसऱ्या वळणावर थांबायचं, डॉक्टरांनी सांगितलंय.

सुट्टीत झुलेखा सोबत येते.
फोनवर कुणाशी तरी भांडत चढते,
वाक्य मध्ये तुटत नाही.
मी वळणावर जांभ्याच्या दगडाला हात टेकून उभा राहतो
आणि सवयीने ऐकतो.