दोन वाजेपर्यंत

बारा वाजून दहा मिनिटं.
पुढचं इंजेक्शन दोनला.
मला ठाऊक आहे, चार्टला ठाऊक आहे,
सात नंबरच्या टाक्यांना कुणी सांगितलेलं नाही.

बुधाजी तारी, राहणार निवती,
आतड्याला पीळ पडला म्हणून पोट उघडलेलं,
बेंबीच्या वर चार बोटं, खाली चार बोटं.
ओरडत नाही. ओरडणारे परवडले.
हा खाटेची नळी धरून
छपराकडे बघत गप्प.

नाडी पाहिली, पट्टी पाहिली, लघवीची पिशवी पाहिली.
सगळं जागेवर. फक्त दुखतंय.
काका, शून्य ते दहा, किती?
"अर्धी भरती इली हा गो बाय."
मी सात लिहिलं.

खाटेचा दांडा फिरवला, कुरकुरला,
डोकं जरा वर. गुडघ्यांखाली उशी,
म्हणजे पोटाचं कातडं ओढलं जात नाही.
दुसरी उशी हातात दिली:
खोकला आला की ही पोटाशी घट्ट धरायची.
मग हात.
खोबरेल माझ्या पर्समधलं, सरकारी नव्हे.
नळीवरून एकेक बोट सोडवायलाच
पाच मिनिटं गेली.
तळव्यावर दोरीचे जुने वळ,
अंगठा फिरवावा तर अंगठाच खरचटेल.

ओरोसच्या ट्रेनिंगमध्ये कागद वाटला होता:
औषधाविना वेदना कमी करण्याचे चौदा उपाय,
आणि खाली प्रश्न, तुम्ही ते का वापरत नाही?
आम्ही सगळ्याजणींनी 'वेळ नाही'वर खूण केली.
खोटं नव्हतं. बत्तीस खाटा, दोघी जणी.
आज बारा खाटा रिकाम्या, म्हणून हा हात माझ्या हातात.

काका, फाटलेलं जाळं कसं सांधतात?
आधी माझ्याकडे बघितलं,
वेडी आहे की काय, अशा नजरेनं.
मग म्हणाला, "सुई वरसून घालूची.
फिरवूची. गाठ ओढूची."
सुई वर, श्वास आत.
गाठ ओढली, श्वास बाहेर.
सावकाश, दोरा तुटेल.
एक आस. दुसरी आस.
तेविसाव्या आशीला खांदे खाली आले.
पुढे तोच मोजत होता, मी नव्हते.

दुखणं गेलं नाही.
गेलं म्हणणारीवर विश्वास ठेवू नका.
विचारलं तेव्हा म्हणाला, "सुकती लागली, पण पाणी आसा."
मी चार लिहिलं.
आणि दोन वाजता, एक मिनिट इकडे नाही तिकडे नाही,
इंजेक्शन दिलं.
उशी त्याच्या बदली नव्हती. मधल्या वेळेची होती.

रजिस्टरात रकाने: औषध, मात्रा, वेळ, सही.
तेलाला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, 'जाळं.'
सकाळी मेट्रन विचारील.

पहाटे चारला आठ नंबर कण्हू लागला.
उभादांड्याचा नेल्सन, अपेंडिक्स, वय एकोणीस.
मी टॉर्च घेऊन निघाले, तर अंधारात
सात नंबर बोलत होता:

"उशी पोटार धर. जाळा इनूक येता तुका?"
"नाय काका. माझा गॅरेज आसा."
थोडा वेळ काहीच नाही.
"मगे नट फिरव.
आवळताना श्वास सोड."

मी टॉर्च विझवला
आणि बारा नंबरची सलाईन बदलायला गेले.