उजवीकडे कोण

लिस्बनच्या वकिलातीत
स्कार्लात वालेआनु ठरवायचे
कुणाच्या उजवीकडे कोण.
एक खुर्ची चुकली, की तह महिनाभर लांबे.

प्रुतकाठची जमीन गेली, मग पद,
मग नावाआधीचं सगळंच.
परत का आलात, विचारलं की म्हणत,
"प्लमची झाडं कुणी छाटायची?"
झाडंही सरकारजमा होती तोवर.

बुखारेस्टात, रॉकेलच्या रांगेत,
कोपराला फाटलेल्या कोटात
ते माझ्या आईमागे उभे.
पहाटेचे पाच. बर्फ.
कुणी ढकललं, कुणी शिवी हासडली.

ते पुढे झाले, किंचित वाकले,
आणि कडेवर पोर घेतलेल्या धोबिणीला
हात देऊन नेलं
थेट पहिल्या जागी.

कुणीच हरकत घेतली नाही.

त्या दिवशी डबा रिकामाच परतला.
हातमोजे मात्र घातलेले.
दोन्ही डाव्या हाताचे.