सक्ती आहे का?

विडी घरकुलात बुधवारी सकाळी
माझं नाव दारोदारी गळून पडतं.
रत्नमाला चिटमिल उरत नाही, उरते नुसती आशा.
'आशा आली,' असं कुणी म्हणालं
की निम्म्या गल्लीत पाहुणे आलेले असतात,
उरलेल्या निम्मीत बाळ आत्ताच झोपलेलं.

भाग्यलक्ष्मीनं सबब सांगितली नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत दोरा,
मान वर न करता म्हणाली, 'वद्दु.'
नको.
तिसरा डोस, चौदा आठवडे कधीच उलटलेले,
माझ्या वहीत तिच्या नावापुढं लाल ठिपका.

नवरा रात्रपाळी करून आलेला,
केसांत कापसाची पिंज,
लूमपुढं बोलायची सवय, म्हणून घरातही ओरडून:
'सक्ती आहे का, ताई? कागद दाखवा.
शिक्का असलेला.
नसेल तर माझं पोर, माझी मर्जी.'
मोबाईलवर एक व्हिडिओ लावला,
कुठल्याशा गावातला, कुठल्याशा बाळाचा,
रडणं मात्र अगदी जवळचं.

मला पढवलेलं सगळं पाठ आहे.
घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ,
पाढ्यासारखं म्हणते मी.
घटसर्प म्हटलं की नव्या आयांना कालसर्प ऐकू येतो,
एकीनं विचारलं होतं, त्याची शांत कुठं करतात?
न पाहिलेल्या रोगाची भीती कशी घालायची?
ती तर आम्हीच पुसत आलो,
सुई टोचून टोचून.

कागद नव्हता माझ्याकडं.
'सक्ती नाही, व्यंकटेश,' म्हणाले,
आणि वाटलं, हरले.

तेव्हा भाग्यलक्ष्मी बोलली, सुपाशीच:
'मागच्या सुईला दोन रात्री तापला.
मांडीवर लिंबाएवढी गाठ.
हजाराच्या जागी चारशे वळल्या मी,
त्यातल्या साठ कारखान्यात छाटल्या.
रोग येईल तेव्हा येईल, अक्का.
शनिवार दर शनिवारी येतो.'

याचं उत्तर वहीत नाही.
तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये
शनिवारचं नावही कुणी काढलं नव्हतं.

मी चप्पल काढली. भिंतीला टेकून बसले.
'सूप इकडं दे. तू जा.
सिस्टर अंगणवाडीत आहे, साडेअकरापर्यंत.'

आईनं मला नवव्या वर्षी बसवलं होतं पानांपुढं.
कात्री हाताला अजून ओळखते.
पत्र्याचा फर्मा, ओलं पान, चिमूट,
वळण, दोरा, टोक दाब.
व्यंकटेश दारात उभा राहून बघत राहिला,
मग म्हणाला, 'दोरा सैल बांधताय.'
मी घट्ट बांधला.
तो झोळीपाशी गेला,
काठाला धागा चुकलेली चादर, त्याच्याच मागावरची,
तिच्यातून पोराला उचलून तिच्या खांद्यावर दिलं.
स्वतः गेला नाही.
तोंडावर टॉवेल घेऊन आडवा झाला,
आणि तासभर कूस बदलत राहिला.

ती परतली. बाळ हुंदक्यांवर आलेलं,
कार्डावर निळ्या शाईची तारीख, ओली.
भाग्यलक्ष्मीनं आधी विड्या मोजल्या.
ब्याण्णव.
सात बाजूला काढल्या. 'या छाटतील.'
मी तापाच्या थेंबांची बाटली दिली,
किती, कधी, दोनदा सांगितलं,
गाठ चोळू नको, तीनदा.
ती 'हां' म्हणाली, पण नजर त्या सातांवर.

रात्री अकराला फोन.
मागं लूम खडखडत होते, व्यंकटेश ओरडत होता:
'घरून निरोप आलाय, अंग तापलंय.
थेंब किती म्हणालात? पुन्हा सांगा!'
मी ओरडून सांगितलं.
त्यानं ओरडून परत म्हटलं, आकडा चुकवला.
मी पुन्हा. त्यानं पुन्हा.
आमची अख्खी चाळ जागी झाली असेल
त्या एका आकड्यानं.

मग नुसते लूम ऐकू येत राहिले,
फोन ठेवायला विसरला होता.
मी कानाशी धरून बसले.
हात साबणानं दोनदा धुतले होते,
बोटांना तंबाखूचा वास तसाच.