पात्र नाही

रविवारी सकाळी पडद्यावर पाटी आली:
हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
खाली दोन बटणं. नवा घ्या. नंतर आठवण करा.
मी टोस्ट बशीत ठेवला.
पात्र नाही, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे,
त्याचा लिफाफा, त्याचा कागद, खालची सही न करणारी सही.
क्रॉयडनहून आलं होतं एकदा,
तेव्हा निषाद पोटात होता.

फेकून दे ना आई, निषाद म्हणाला,
नाताळात नवा घेऊ.
लीड्समध्ये पगार सुरू झाल्यापासून
त्याच्या बोलण्यात फेकून दे फार येतं.
अरे, नऊ वर्षांचं यंत्र आहे,
ग्रिम्सबीच्या या घरात तुझ्यापेक्षा जास्त राहिलेलं.
याचा पंखा मी टूथब्रशने पुसलाय.
याचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे
मासळीच्या कारखान्यातला तीन आठवड्यांचा ओव्हरटाइम.
कीबोर्डच्या फटीत अजून हॅडॉकचा वास असेल, हुंगून बघ.

मग आठ पौंडांचा पेनड्राइव्ह, एक रात्र, चार कप चहा.
यंत्राने विचारलं, डिस्कची वाटणी कशी करू?
वाटणी!
या एका शब्दावर माझे दोन मामा
अठरा वर्षं बोलले नाहीत एकमेकांशी,
विहिरीवरच्या मोटारीसाठी.
म्हटलं, वाटणी नको. सगळंच घे.

तरी बोट थांबलं.
आधी कराचे कागद काढून ठेवले, मग फोटो,
मग एक फोल्डर, निषाद तेरा वर्षांचा असतानाचा:
गाव शेवटचं खरंच शेवटचं.
तो आत काय आहे ते न बघता उचलला,
झोपलेलं पोर उचलतात तसा.

पहाटे खाडीवरचे सीगल ओरडायला लागले तेव्हा
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती.
नाव विचारलं. वैजयंती लिहिलं, तर म्हणे
मोठी अक्षरं चालत नाहीत, लहान लिहा.
लिहिलं. इतकी वर्षं इथे काय वेगळं करतेय?
पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत.
आंधळेपणाने लिहायचं,
आणि ते मानतं.

वायफाय मात्र सापडेना.
शेवटी खालच्या राउटरपासून जिन्यावरून वर
पिवळी वायर ओढली, वीस मीटर.
दोनदा मीच अडखळले.

चौदा खेळ होते. बारा धावले.
एक लंगडत होता, बोट धरून चालवला.
चौदावा आमचा, दर रविवारचा,
मी ग्रिम्सबीत, तो लीड्समध्ये, पाठीला पाठ लावून लढायचो तो,
त्याच्या दारवानाने मला उंबऱ्यावरच अडवलं.
जगभर चोर खिडकीतून येतो.
इथे खिडकीतून न आलेला तो चोर.

फोनवर निषाद बराच वेळ गप्प.
मग रविवारी काय करायचं?
बावीस वर्षांचा आवाज, पण प्रश्न
शाळेला सुटी लागल्यावरचा.
मी म्हटलं, तुझं गाव उघडतंय.
कुठलं गाव?
शेवटचं. खरंच शेवटचं.

मी आत फिरून आले होते.
चौकोनी डोंगर, चौकोनी मेंढ्या, एक पूल अर्ध्यावर सोडलेला.
पलीकडे दगडी घर, पाटीवर वाकडं लिहिलेलं: आईचं.
मी समोर उभी राहिले, भोवती फिरले.
दार ठेवलं नव्हतं त्याने.
खिडकीही नाही.
चारी बाजूंनी पक्की भिंत, वर धुराडं,
आणि धुराड्यातून धूर.
आत कोण स्वयंपाक करत होतं, देव जाणे.

हे सांगितलं तेव्हा तो हसला.
मग म्हणाला, कुदळ आणतो. येतो रविवारी.
लीड्सहून, की खेळातून,
ते मी विचारलं नाही.
जिन्यातली वायर तेवढी
पायरी पायरीला चिकटपट्टीने बसवून ठेवली.