पन्नास ओहम

खिशात मावतं. पत्त्यांच्या कॅटएवढं.
ग्लेनिसने ते टाकीच्या कठड्यावर ठेवलं
आणि म्हणाली, आधी त्याला शिकवायचं, अंकल.
तीन पितळी टोप्या, शेंगदाण्याएवढ्या:
ही उघडी, ही आतून जोडलेली, ही पन्नास ओहमची.
सुटलेलं म्हणजे काय,
थेट भिडलेलं म्हणजे काय,
आणि पुरतं गिळणारं म्हणजे काय,
एवढं कळलं की मग ते
मधलं सगळं मोजायला मोकळं.

माझ्या वेळी एक बल्ब असायचा.
पेटला तर पेटला.
पुढे दोन काट्यांचं मीटर आलं, लॅमिंग्टन रोडवरून, हप्त्याने.
हे तर चित्रच काढतं: वर्तुळात वर्तुळं,
सगळी एका काठाला टेकलेली,
आणि त्यांत एक ठिपका
बसायला जागा शोधणारा.

गच्ची सात बंगल्याची, सहा मजल्यांवर.
पलीकडे समुद्र, अलीकडे सेक्रेटरी बोरकरांच्या चादरी.
मधे पाइप, पाइपावरून दोन्हीकडे उतरलेली माझी तार,
जिला सोसायटीच्या मिनिट्समध्ये
‘सदर वायर’ म्हणतात.

केबल जोडली. रेघ तळाला लागली ती तिथेच राहिली.
एक पूर्णांक दोन. सात मेगाहर्ट्झपासून तीसपर्यंत
कुठे चढ नाही, उतार नाही,
ओहोटीच्या पुळणीसारखी सपाट.
ठिपका बरोबर मध्यावर, देव्हाऱ्यात बसल्यासारखा.
मी म्हणालो, बघ. एकोणीस वर्षांपूर्वी बांधली, या हातांनी.
काही परत येत नाही. सगळं जातं.

ती काही बोलली नाही.
शिडी चढली, वरचा जोड सोडला,
केबलचं टोक नुसतं हवेत धरलं.
बघा आता.

रेघ हलली नाही.
अँटेना नव्हती, आणि रेघ हलली नाही.

चाकूने केबल चिरली. आत पाणी.
जाळी काळी, मधली तार शेवाळी हिरवी.
टेपच्या एका सुटलेल्या वेढ्यातून
खारा वारा पावसाळ्यागणिक
एकेक मजला खाली उतरलेला.
शंभर वॉट मी खालून ढकलायचो
आणि ती वाटेतच पिऊन टाकायची,
एकही तक्रार परत न पाठवता.

तीन वर्षं सीक्यू म्हणत होतो.
कोणी येत नव्हतं.
मी सूर्यावर ढकललं, डाग कमी आहेत म्हणालो.
मग डाग वाढले, तेव्हा वयावर.

त्या रात्री झोपताना सुधन्वा आठवला.
धाकटा भाऊ, मालवणला असतो.
बाबांची जागा विकल्यापासून
मी फोनवर काहीही सांगितलं की म्हणतो, बरं.
बायकोला मी सांगायचो,
बघ, आता आमच्यात शब्दाने शब्द वाढत नाही.

रविवारी नवी केबल.
पडद्यावर कडे उभे राहिले
आणि एकच दरी, तीही चुकीच्या जागी: तेरा पूर्णांक आठ.
लांब झालीय तार, ग्लेनिस म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.
दोन्हीकडून अर्धी अर्धी वीत.
पण एकदम नको, कापलेलं जोडता येत नाही.
पक्कड. टच. खाली ये, बघ. पुन्हा वर.
दरी सरकत गेली उजवीकडे,
तेरा नऊ, चौदा, चौदा पूर्णांक एक.
बोरकरांनी चादर ओढली, त्यांची लोखंडी तार हलली,
तशी जरा थरथरलीही.

एक पूर्णांक चार.
अजून खाली आणू? तिने विचारलं.
राहू दे, म्हटलं.
एवढं परत येऊ दे.

तांब्याचे तुकडे शर्टाच्या खिशात राहिले.
कपडे भिजवताना बायकोला सापडले.
तिने ते पुसून ठेवले
फोनशेजारी.